शिवणीतली माया

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

चाळीसेक वर्षं उशिरा लिहिते आहे. परवा जुनी ट्रंक आवरताना माझा पाचवीतला शाळेचा शर्ट सापडला आणि पहिली आठवण तुमच्या मशीनच्या आवाजाची झाली.

तो शर्ट मूळचा दादाचा. टेरिकॉटचा, म्हणजे बहुतेक ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सुती. ते कापड फाटायचंच नाही, त्यामुळे मोठ्याचं धाकट्याकडे येणं ठरलेलं. मला त्याचं दुःख नव्हतं. भीती होती ती बटणांची. मुलांच्या शर्टाला काजं डावीकडे, मुलींच्या उजवीकडे. वर्गात ते लगेच ओळखू यायचं. ‘भावाचा घातलाय’ एवढं कुणी म्हटलं की दिवसभर वहीतून मान वर निघत नसे. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कॉलर उसवून उलटवलीत, झिजलेली कड आत गेली. बाह्या आखूड केल्यात. डावीकडची सगळी काजं बारीक टाक्यांनी बुजवून त्यांच्यावरच बटणं लावलीत आणि उजवीकडे नवी काजं हाताने केलीत. एकेक काज म्हणजे कितीतरी टाके! आता मी स्वतः शिवते, म्हणून ते काम किती वेळखाऊ असतं ते कळतं. शर्ट हातात देताना म्हणालात, “घाल, तुझाच आहे.”

स्कर्टचंही तसंच. वाढत्या अंगाचा म्हणून तुम्ही खाली चार बोटं दुमडून ठेवायचात, कडेच्या शिवणीतही भरपूर माया ठेवायचात. जादा कापडाला माया म्हणतात हा शब्द मी तुमच्याकडेच पहिल्यांदा ऐकला. दर जूनला लांबी सोडली की जुन्या घडीची रेघ दिसायची. टेरिकॉटवर गरम इस्त्रीने बसलेली घडी सहजी जात नाही. घडीच्या आतलं कापड उन्हाने विटलेलं नसल्याने तो पट्टा गडदही दिसायचा. तुम्ही त्या रेघेवर फीत लावलीत आणि बाकीच्या मुली विचारायला लागल्या, फीत कुठे लावून मिळते!

वह्यांचं राहिलंच. वर्ष संपलं की सगळ्या वह्यांतली कोरी पानं काढून तुमच्याकडे आणायची. तुम्ही ती जुळवून मधोमध दाभणाने तीन भोकं पाडायचात आणि जाड दोऱ्याने शिवायचात. एकेरी, दुरेघी, चौकटीची, सगळी पानं एकाच रफ वहीत. गणितं मी मुद्दाम त्यातच सोडवायची, कारण तिथे चुकलं तरी चालायचं. माझं गणित त्या वह्यांनी सुधारलं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आई म्हणते, तुम्ही यातल्या कशाचेही पैसे घेतले नाहीत. तेव्हा आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुमच्या वागण्यातून ते मला एकदाही जाणवलं नाही. काकू, यासाठी मी तुमची फार फार ऋणी आहे.

शर्ट घेऊन पुढच्या महिन्यात येते. बटणं सहा आहेत. आतून बघून बुजवलेली पाच काजं मी शोधली. सहावं काही केल्या सापडत नाही, ते तुम्हीच दाखवा.

तुमची,
शेजारची धाकटी