'स्वच्छ करून घ्यावी' म्हणजे काय?

महोदय,

आपल्या पुरवणीतला स्वयंपाकघराच्या नूतनीकरणावरचा लेख वाचला. टाइलचा रंग, मॅट की चकचकीत, सांध्यातल्या ग्राउटची छटा, सगळं त्यात आलं. जुन्या फरशीबद्दल मात्र एकच वाक्य : 'ती स्वच्छ करून घ्यावी.' मी २२ वर्षं फरशी बसवतोय. या कामात मला दोनदा पदरचे पैसे घालावे लागले आणि दोन्ही वेळा चूक टाइलच्या खाली होती, म्हणून लिहितो.

शेगडीसमोर वर्षानुवर्षं उडालेलं तेल पुसल्याने जात नाही, पसरतं. सुरुवातीच्या काळात एका घरी मी जुन्या मोझेकवर नुसतं झाडून-पुसून टाइल लावल्या. काही महिन्यांत शेगडीसमोरच्या चार हलायला लागल्या. उचलून पाहिलं तर माल, म्हणजे टाइल चिकटवायचा मसाला, पुरा टाइलच्या पाठीला धरलेला आणि त्याची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत. तो फरशीला कधी चिकटलाच नव्हता. तेव्हापासून तेलकटपणा काढणारं औषध, ताठ ब्रश, भरपूर पाणी. आणि फरशी वाळली की तिच्यावर पाण्याचे चार थेंब. मोझेकवर थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल किंवा पॉलिशचं मेण अजून आहे. हळूहळू जिरला तर पुढे जायचं. चकचकीत सिरॅमिकवर थेंब जिरणारच नाही, तिथे ग्राइंडरने ती चकाकी उतरवावी लागते. जुनी विनाइल फरशी आणि तिच्याखालचा काळा गोंद मात्र कधीच घासू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असे तंतू.

पण हे सगळं जुनी फरशी पक्की असेल तर. म्हणून आधी हातोडीच्या दांड्याने ओळीने ठोकत जायचं. घट्ट फरशी टणक वाजते, पोकळीवर आवाज बद्द येतो. एखाददुसरी बद्द निघाली तर ती काढून खड्डा भरता येतो. खोलीभर तसाच आवाज असेल तर सगळं उखडावंच लागतं. हे सांगितलं की मालकांचा चेहरा पडतो, त्याची आता सवय झाली.

मग २ मीटरची सरळ पट्टी. तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली की तो खोलगटपणा आदल्या दिवशीच भरायचा. टाइलखाली जास्त माल घालून तो झाकता येत नाही. माल सुकताना बसतो, टाइलचा काठ खाली-वर होतो आणि पायाला लागतो.

दुसऱ्यांदा चुकलो ते उंचीत. जुन्यावर नवी टाइल लावली की जमीन १०-१५ मिलिमीटर वर येते. दार घासलं तर खालून तासता येतं. पण त्या घरी कामापुरतं बाहेर काढलेलं डिशवॉशर परत ओट्याखाली जाईना! ओटा काही उचलता येत नाही. हल्ली आधी ओट्याखालची उंची मोजतो, मग थापी काढतो.

पुढच्या लेखात टाइल लावायच्या आधीच्या जमिनीचा एक तरी फोटो छापा. आणि तयारीचे दिवस वेगळे धरायला वाचकांना सांगा. चार दिवसांच्या कामातले दोन त्यातच जातात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'अजून एकही टाइल दिसत नाही?' हे मला दरवेळी ऐकावं लागतं.

— एक फरशी कारागीर