अप्पांच्या औषधांची पिशवी उघडून बघणाऱ्या फार्मासिस्ट ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

हॉस्पिटलात रोज इतके पेशंट येतात, त्यात आमचे अप्पा तुमच्या लक्षात असतीलच असं नाही. पंचाहत्तरी उलटलेली, हार्टचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं, दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. लघवीची गोळी वाढवूनही पायांची सूज उतरत नव्हती. डॉक्टर कमी नव्हते. हृदयाचे एक, शुगरचे दुसरे, गुडघ्यांचे तिसरे. पण तिघांच्या गोळ्या एकत्र मांडून बघितल्या त्या तुम्हीच.

“घरात औषध म्हणून जे जे आहे ते सगळं आणा, पुड्या आणि मलमंसुद्धा,” असं तुम्ही फोनवर बजावलं होतं. मग एकेक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत गेलात. शुगरच्या एकाच गोळीत तीन औषधं निघाली: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन. तिसऱ्या नावावर तुमचं पेन थांबलं. हे औषध शुगर आणतं खाली, पण अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, म्हणून हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडलेल्या, पेशंटला ते टाळतात. अमेरिकेत २००७ पासून त्याच्या माहितीपत्रकावर तसा ठळक चौकटीतला इशारा असतो, हेही तुम्ही सांगितलंत.

गुडघ्यांच्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक होतं. अशा वेदनाशामकांमुळे किडनी मीठ बाहेर टाकायला कुचराई करते, लघवीच्या गोळीचा जोर कमी पडतो आणि हृदयाच्या काही गोळ्यांच्या जोडीने किडनीलाच धोका होतो. म्हणजे एक गोळी पाणी काढतेय आणि दोन गोळ्या ते अडवून धरताहेत. सूज उतरणार कशी?

आणि ॲसिडिटीच्या त्या फसफसणाऱ्या पुड्या! घरात लोणचं-पापड बंद, भाजीत मीठ नावाला. पण पुडीतल्या खायच्या सोड्याच्या वजनात पाव हिश्शाहून जास्त सोडियमच असतं, आणि अप्पा रोज जेवण झालं की एक पुडी पाण्यात सोडायचे. पुडीला घरात कोणी औषध समजतच नव्हतं. तुम्ही पुड्यांचंही नाव काढलं नसतंत, तर त्या पिशवीत आल्याच नसत्या.

तुम्ही कुठल्याच डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटलं. शुगरची गोळी सुरू झाली तेव्हा अप्पांचं हृदय ठणठणीत होतं. पुढे आजार बदलला, गोळी तीच राहिली. आम्ही घाबरून लगेच बंद करू का विचारलं, तर म्हणालात, “मनाने एकही गोळी थांबवायची नाही, आधी मी डॉक्टरांशी बोलते.” आणि आमच्यासमोरच फोन लावलेत. शुगरच्या डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन काढून डापाग्लिफ्लोझिन दिलं. हार्ट फेल्युअरमध्ये त्याचा उपयोग होतो हे २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं, आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलंय. गुडघ्यांना साधी पॅरासिटामॉल, शेक आणि फिजिओथेरपी. दुखणं पूर्ण गेलं नाही, ते खरं. पण हळूहळू सूज ओसरली आणि अप्पांच्या सँडलचे पट्टे पुन्हा लागायला लागले.

आपल्याकडे फार्म.डी.चा, म्हणजे पेशंटच्या औषधांकडे लक्ष देणारे फार्मासिस्ट घडवणारा, सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ पासून आहे. तरी पेशंटसमोर बसून त्याच्या सगळ्या औषधांचा ताळा घेणारं माणूस किती ठिकाणी भेटतं? चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तुमच्यासारखं कोणीतरी मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अप्पांच्या फाइलवर तुम्ही लाल पेनने मराठीत लिहून दिलंत: “हृदयाचे पेशंट. पेनकिलर आणि नवं कुठलंही औषध देण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.” परवा दाढ काढायला गेलो तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी ते वाचलं, लिहिलेली गोळी खोडली आणि पॅरासिटामॉल लिहून दिली. तुम्हाला हे कळावं म्हणून कळवते आहे. फार फार आभार, ताई.

तुमची,
अप्पांची धाकटी सून