नानांचा आवाज

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार. सात महिने पत्र नाही, त्याबद्दल भेटीत हवे तेवढे रागाव. माझी प्रकृती ठीक आहे.

पुढल्या महिन्यात नानांच्या स्मृतिसभेत त्यांच्या रेडिओवरच्या कारकिर्दीवर मी बोलायचे आहे. लिहायला बसलो आणि लक्षात आले की नानांचा आवाजच कुठे उरलेला नाही. त्या काळी टेप महाग. कार्यक्रम लागून गेला की त्याच स्पूलवर दुसरे ध्वनिमुद्रण होई, आणि ते स्पूल पुसायचे काम तुझ्या-माझ्याकडेच असे. त्यांची दुष्काळी गावातली मुलाखत मीच पुसली असेन, या विचाराने दोन रात्री झोप नाही.

त्यांचे हात मात्र स्पष्ट आठवतात. तबकडीवर सुई टेकवून ते ती अर्धा फेरा मागे घेत, डावा हात आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर ठेवत आणि श्वास पुरता सोडून मगच माइक उघडत, कारण ऐकणाऱ्याच्या कानात आपला श्वास जाता कामा नये. नवख्यांना त्यांनी आवाजाआधी हेच शिकवले. हे सभेत सांगून कोणाला कळणार?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरून आपल्याकडे चित्र दिसू लागले आणि नाना मुलाखती घ्यायला वरळीला जाऊ लागले. तुमच्या वाड्यातल्या संचासमोर आपण भांडलो होतो. भक्ती बर्वे बातम्या वाचतात तेव्हा जागचा उठत नाहीस आणि नाना दिसले की तोंड फिरवतोस, असे तू मला सुनावलेस. मी पंधरा दिवस बोललो नाही. मला ते मिटल्या डोळ्यांनी बोलणारे नानाच हवे होते. अजूनही तेच हवे आहेत.

म्हणून विनंती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी केलेली सकाळची सभा, म्हणजे सकाळचे प्रसारण, तू घरच्या रेडिओवरून कॅसेटवर घेतली होतीस. मध्येच काकूंनी चहासाठी हाक मारली म्हणून तू ती पुसायला निघाला होतास, आणि मी तुझ्या हातून हिसकावून पेटीत टाकली होती. ती पेटी उघडशील का? काकूंची हाकही तिच्यात असेल.

मुलीला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

कॅसेट सापडली तर वाजवून पाहू नकोस, जुनी फीत तुटते. टपालानेही पाठवू नकोस. मी न्यायला येतो.

तुझा,
अरविंद