ड्रायर मिळाला, पंख्याचे काय?

महोदय,

आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या एका महिला गटाच्या शेडमध्ये गेल्या महिन्यात जाऊन आलो. हिरडा वाळवायला एका खासगी फाउंडेशनने दिलेला सोलर ड्रायर कोपऱ्यात उभा होता. पंखा जळालेला, आत कोंबडीने अंडी घातलेली. देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र लखलखीत! बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, नेहमीसारखा अंगणात ताडपत्रीवर. वळीव आला की तो भिजून बुरशी धरतो आणि व्यापारी निम्म्याने भाव पाडतो.

दुरुस्तीला पैसे का नाहीत, असे विचारले. उत्तर आले, 'प्रकल्प मार्चला संपला.' हिरड्याचे झाड असा मार्च पाळत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आंबेगाव-जुन्नरची कितीतरी झाडे आडवी झाली. नव्या रोपाला फळ धरायला अनेक वर्षे लागतात.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. २०२१ च्या नियमांत तर चालू प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी ३ वर्षांची मुभा आहे. तरी हा पैसा वापरणाऱ्या पुण्यातल्या फाउंडेशनांचे प्रस्ताव बहुधा वर्षाचेच का? वस्तू देताना दुरुस्ती, गटाच्या हिशेबनीसाचे मानधन आणि खरेदीसाठी खेळते भांडवलही मंजूर करा. हिरड्याला बरा भाव मिळाला, तर सरपणासाठी त्याच झाडावर कुऱ्हाड घालायला कोण धजेल? रोपे लावतानाचे फोटो पुष्कळ झाले.

– एक वाचक, कोथरूड, पुणे