आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: बर्फाच्या पेटीआधीचे तास

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी एका जिल्ह्याच्या गावी खासगी रुग्णालयात अवयवदान समन्वयक आहे. त्याआधी आठ वर्षे तिथल्याच अतिदक्षता विभागात सिस्टर होते. आमच्याकडे प्रत्यारोपण होत नाही. मेंदूमृत रुग्णाचे अवयव काढून पाठवण्यापुरतीच परवानगी आहे. अवयवांची बर्फाची पेटी आमच्या दारातून निघते आणि पुढे तिचे काय झाले ते आम्हाला पेपरात कळते.

मागल्या पावसाळ्यात मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेला एक तरुण आला. वडिलांनी होकार दिला. मूत्रपिंडे, यकृत, डोळे गेले. तेरावे झाल्यावर ते कागद न्यायला आले आणि फॉर्मवर बोट ठेवून विचारू लागले, "ताई, इथं फुफ्फुसं बी लिवलीत. ती कुणाला बसली?" कुणालाच नाही, असे सांगावे लागले. "त्यानं कधी तंबाखूला हात लावला नव्हता," एवढेच म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

खरे सांगायचे तर ती फुफ्फुसे आली तेव्हा चांगली होती. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत ती पांढरी दिसली, म्हणून पथकाने नाकारली.

मेंदू मरताना शरीरात अड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो आणि फुफ्फुसांत पाणी उतरते. घशातला स्राव खाली जातो, जंतू धरतात. कायद्याने मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांत किमान ६ तासांचे अंतर हवे. त्यात चार डॉक्टरांच्या सह्या, घरच्यांची संमती, बाहेरगावाहून येणारी पथके. एवढा वेळ व्हेंटिलेटर चालूच असतो, आणि जुन्या सवयीने मोठ्या श्वासांवर लावलेला असला तर प्रत्येक श्वास फुफ्फुसाला इजा करतो. शिवाय ॲप्निया टेस्टसाठी, म्हणजे रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का ते पाहण्यासाठी, व्हेंटिलेटर सोडवला की फुफ्फुसे मिटतात; नंतर ती मुद्दाम फुलवून घ्यावी लागतात. मूत्रपिंडवाले फोनवर सांगतात, सलाईन वाढवा. फुफ्फुसवाले सांगतात, कोरडे ठेवा. रात्रपाळीच्या सिस्टरने ऐकायचे कुणाचे?

हे काही असाध्य नाही. युरोपातल्या १२ अतिदक्षता विभागांत झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. श्वास लहान (उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोला ६ ते ८ मिली), पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत राखलेला दाब) ८ ते १०, ॲप्निया टेस्टच्या वेळीही हवेचा दाब कायम. नेहमीच्या पद्धतीने २७ टक्के दात्यांची फुफ्फुसे वापरता आली होती, या पद्धतीने ५४ टक्के दात्यांची आली. नवे यंत्र एकही नाही. बटणे तीच, आकडे वेगळे.

२०२३ साली देशात १,०९९ मृत दाते झाले आणि फुफ्फुसरोपणे झाली १९७. सगळा दोष आमच्या खाटांचा नाही, पण थोडका तरी आहेच, आणि तो कुठे मोजला जात नाही.

आता पेटीविषयी. ग्रीन कॉरिडॉरच्या, म्हणजे अवयवांसाठी रस्ता मोकळा करून दिल्याच्या, बातम्या मलाही आवडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुफ्फुस घेऊन निघालेल्या डॉक्टरांच्या रुग्णवाहिकेला पिंपरी-चिंचवडमध्ये अपघात झाला, तरी ते जखमी अवस्थेत चेन्नईला पोहोचले. त्यांना सलामच करायला हवा. पण व्यवस्था अशा जिवावरच्या धावपळीवर का चालावी? बर्फावरच्या फुफ्फुसाला साधारण ६ तास मिळतात. समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, सरकारच्याच हिशेबाने ८ तास. म्हणजे विमान चुकले की संपले.

फुफ्फुस मूत्रपिंडासारखे नसते. ते हवा भरलेल्या अवस्थेत, अर्धवट फुगवून, श्वासनलिका बंद करून पाठवतात; आतल्या ऑक्सिजनवर पेशी तग धरतात. त्याला गारवा हवा, पण गोठवणारा नको. केळी फ्रीजमध्ये ठेवली की काळी पडतात, हे घरोघरी माहीत आहे. फुफ्फुसाच्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांनाही (मायटोकाँड्रिया) अतिथंडी तशीच बाधते. कॅनडातल्या टोरांटोच्या पुढाकाराने तीन केंद्रांतल्या शल्यचिकित्सकांनी रात्री आलेली फुफ्फुसे १० अंशांच्या शीतकपाटात ठेवली आणि सकाळी ताज्या दमाने शस्त्रक्रिया केल्या. असे ७० रुग्ण झाले, त्याचा अहवाल २०२३ मध्ये आला. फुफ्फुसे १२ तासांहून अधिक राहिली आणि रुग्णांचे निकाल नेहमीच्या रुग्णांपेक्षा वाईट नव्हते. फुफ्फुस यंत्रावर चढवून दुरुस्त करण्याची सोयही जगात आहे. ती महाग आहे, ती मी आज मागत नाही. नेमक्या १० अंशांवर राहणारे कपाट मागते आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या प्रत्यारोपण केंद्रांत ते ठेवून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली निदान सुरुवात करून बघावी.

दुसरी मागणी आणखी स्वस्त आहे. अवयव काढण्याची परवानगी असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला मेंदूमृत दात्याच्या फुफ्फुसांची निगा कशी राखायची याची लेखी पद्धत सक्तीची करा. मराठीत, एका पानावर, व्हेंटिलेटरला चिकटवता येईल अशी. रक्तातल्या वायूंची तपासणी रात्री दोन वाजताही व्हायला हवी. किती तरी ठिकाणी यंत्र असते, त्यात घालायचे तपासणीचे कार्ट्रिज संपलेले असते. आणि फुफ्फुस नाकारले गेले तर का नाकारले, ते नोंदवून आम्हाला कळवायला सांगा. एक्स-रे, वायूंचे आकडे, अंतर, वेळ, जे असेल ते. आज आम्हाला फोनवर फक्त "सुटेबल नाही" एवढे ऐकू येते, आणि पुढच्या खेपेला आम्ही तीच चूक करतो.

३ ऑगस्टला अंगदान दिन होतो, दात्यांच्या घरच्यांना शाल-श्रीफळ दिले जाते. त्या वडिलांना मी आमंत्रण दिले होते. ते आले नाहीत.

आमच्या विभागासाठी मी आणि भूलतज्ज्ञ मॅडमनी मिळून असे एक पान तयार केले आहे. ते आता आमच्या तीन व्हेंटिलेटरांवर चिकटवलेले आहे. सोबत प्रत जोडते. त्यात चुका असतील तर आपल्या तज्ज्ञांकडून दुरुस्त करून घ्या, पण राज्यभर पाठवा.

आपली,
एक अवयवदान समन्वयक