कोर्टाच्या कचेरीतल्या खिडकी नंबर दोनमधल्या बाईंस

सा. न. वि. वि.

बाई, हे पत्र तुम्हाला वाचता यायचं नाही. तुम्हाला मराठी येत नाही, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये पंचवीस वर्षं काढूनही मला पोटातलं इंग्रजीत बोलता येत नाही. मुलगा म्हणाला, "तू लिही, मी त्यांना वाचून दाखवीन." दाखवील तेव्हा दाखवील. खरं म्हणजे हे पत्र आणखी काही जणांच्या नजरेखालून जावं अशी माझी इच्छा आहे. त्यांना मराठी चांगलं येतं.

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, कोण जाणे. करड्या कोटाखाली पंजाबी ड्रेस, खांद्याला शबनम, आणि पहिल्या दिवशी घटस्फोटाच्या कागदांच्या रांगेत चुकून वीस मिनिटं उभी राहिलेली ती बाई.

लग्नाआधी मी साताऱ्याला तहसील कचेरीत आवक-जावक बघायचे. टपालावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरला नोंद घ्यायची आणि ज्या टेबलाचा कागद त्या टेबलावर पोचवायचा. आमचे अव्वल कारकून म्हणायचे, कागद अडला की माणूस अडतो. तीनच वर्षं केलं ते काम, पण तेव्हापासून काउंटरपलीकडचं माणूस काम करणारं आहे की खुर्ची उबवणारं, हे मला दोन मिनिटांत कळतं. तुमच्या बाबतीत मात्र मी पहिल्या दिवशी चुकले. ते पुढे सांगते.

मुलाचं, ज्ञानेशचं, सगळं उगाळत बसत नाही. कॉलेजात असताना खांद्याचं ऑपरेशन झालं, दुखण्यावर गोळ्या दिल्या, गोळ्या संपल्या तरी त्याची गरज संपली नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या गोळ्यांत फेंटानिल नावाचं जहाल, जीवघेणं औषध असतं, हे आम्हाला त्याला बाथरूममध्ये निळा पडलेला बघितल्यावर कळलं. नाकात मारायचा नार्कनचा फवारा पोलिसाकडे होता म्हणून तो आज आहे. माझ्या आईच्या पाटल्या गेल्या, मग ओळखीच्या एका घरातून रोकड गेली, मग बेड्या पडल्या.

त्याआधीची दोन वर्षं आम्ही दारं ठोठावत फिरत होतो. एका उपचार केंद्राच्या कचेरीत विम्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करून घेतलं, पोराकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. चौदाव्या दिवशी विमा संपला आणि पंधराव्या दिवशी सकाळी तो प्लास्टिकच्या पिशवीत कपडे घेऊन फुटपाथवर उभा. फोन केला तर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' आणि बासरी. डॉक्टर असलेले आमचे एक स्नेही म्हणाले, "वहिनी, हे बाहेर कुणाला बोलू नका." मी नाही बोलले. तरी ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात बातमी माझ्याआधी पोचली होती. ज्यांच्या घरी वीस वर्षं गणपतीला उकडीचे मोदक मी वळले, त्यांचा त्या वर्षी मेसेज आला, 'या वेळी छोटंच ठेवलंय गं.' रात्री फोटो टाकले त्यांनी. साठ माणसं मोजली मी.

मग वकिलांनी ड्रग कोर्टाचं सुचवलं. 1 जानेवारी 2022 पासून न्यू जर्सीत त्याला रिकव्हरी कोर्ट म्हणतात. तुरुंगाऐवजी पाच वर्षांपर्यंत प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेर राहणं, उपचार, कधीही बोलावतील तेव्हा लघवीची तपासणी, चार टप्पे, आणि सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला न्यायाधीशांसमोर हजेरी. गुन्हा मात्र कबूल करावा लागतो. ज्ञानेशचा जन्म इथला, म्हणून निभावलं. ग्रीन कार्डावर असलेल्यानं ही कबुली दिली, तर पुढे खटला पुसला गेला तरी इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षाच धरली जाऊ शकते. आपल्यापैकी कुणावर वेळ आलीच, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. पुण्याच्या भावाचा जीव तुटत होता, 'मुक्तांगणला आणून ठेव' म्हणून. 1986 पासून चाललेलं त्यांचं व्यसनमुक्तीचं काम मला ठाऊक आहे, पण प्रोबेशनवरच्या पोराला परवानगीशिवाय न्यू जर्सीची हद्दही ओलांडता येत नाही, पुणं कुठलं.

तर पहिला दिवस. मी तुमच्या काचेसमोर आले आणि विचारलं, माझा मुलगा काल तपासणीला गेला होता का? तुम्ही म्हणालात, "मला सांगता येणार नाही. त्यांची सही नाही." आई आहे मी, म्हटलं. "हो मॅडम, पण ते अठरा वर्षांच्या पुढचे आहेत." मी मराठीत पुटपुटले, मेली माणुसकी इथली. तुम्हाला शब्द कळले नसतील, सूर कळला असणार. तुम्ही तसंच माझ्याकडे बघत म्हणालात, "कोर्ट सगळ्यांना खुलं आहे. नऊ वाजता, तिसरा मजला. मागच्या डाव्या बाकाजवळ हीटर आहे, तिथे बसा." मी बसले. पुढची तीन वर्षं तो बाक माझा झाला. उपचाराची माहिती त्याच्या सहीशिवाय आईलाही न देण्याचा कायदा आहे, आणि त्या कायद्यामुळेच ही पोरं तोंड उघडतात, हे मला फार उशिरा समजलं.

आता मुख्य गोष्ट. ती इतकी लहान आहे की मी नवऱ्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "बरं, मग?"

ज्ञानेश हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलं, वारकरी माणूस. आपण मराठी लोक इंग्रजीत 'ज्ञ' लिहिताना डी-एन-वाय लिहितो. हिंदीवाले जी-वाय लिहून मोकळे होतात. त्या डी-एन-वायनं पोराचं बालपण खाल्लं. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी त्याच्या नावाशी आली की बाई थबकायच्या आणि वर्ग हसायचा. तिसरीत तो स्वतःच म्हणायला लागला, 'कॉल मी डॅन.' पुढे ज्या पोरांत गेला त्यांनी नुसतं 'डी' केलं. उपचार केंद्रात तर खाटेचा नंबर. कोर्टाच्या सुरुवातीच्या तारखा लॅपटॉपवर झाल्या, तेव्हा न्यायाधीश बाई कधी 'डायनीश' म्हणायच्या, कधी 'डिनॅनिश', आणि तो मुकाट 'येस, युअर ऑनर' म्हणायचा.

मार्चमधली सकाळ होती. तो पगाराची पावती घरी विसरला, ती द्यायला मी आले. तुम्ही शिक्का मारलात, मी वळले, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा जरा. मुलाचं नाव तुम्ही घरी कसं म्हणता?"

तुमच्यासमोर त्या दिवशीची यादी होती आणि माझ्यामागे सात माणसं. मी म्हटलं. तुम्ही म्हटलंत, 'डियानेश.' मी पुन्हा म्हटलं. तुम्ही पुन्हा चुकलात. मग मी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि जीभ दातांना कशी लावायची ते दाखवलं, पहिलीतल्या पोराला दाखवावं तसं. काचेच्या अलीकडे एक बाई, पलीकडे एक बाई, दोघी तोंडं वेंगाडून 'द्न्या, द्न्या' करतोय. मागचा एक दाढीवाला गडीही हळूच म्हणून बघत होता. चौथ्यांदा जमलं तुम्हाला. मग तुम्ही पेन्सिल उचललीत. पेन नाही, पेन्सिल. कोर्टाच्या कागदावर पेनानं असलं काही लिहायचं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. छापलेल्या नावाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत, तुमच्या लिपीत लिहिलंत: द्न्या, आडवी रेघ, नेश. आणि 'द्न्या'खाली दोन रेघा.

पाऊण तासानं त्याची पाळी आली. न्यायाधीश बाईंनी यादीवर बोट ठेवलं, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "ज्ञानेश." उच्चार काही आळंदीचा नव्हता, पण ज्ञ होता. खाली मान घालून बसलेल्या पोरानं झटकन मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मीच हाक मारली.

त्या दिवशी त्यांनी त्याला काय विचारलं, त्यानं काय सांगितलं, काही आठवत नाही मला.

पुढच्या तारखेलाही त्यांनी नीट म्हटलं. त्याच्या पुढच्यालाही. एकदा न्यायाधीश बाई रजेवर होत्या, बदली आलेल्या साहेबांनी ज्ञानेशला कधी बघितलेलंसुद्धा नव्हतं, तरी नाव बिनचूक. तेव्हा माझ्यातली कारकून जागी झाली. यादी दर तारखेला नवी छापली जाते. म्हणजे दर वेळी कुणीतरी नव्यानं त्यावर पेन्सिल फिरवत होतं.

बाई, तुमच्या खात्यावर वाचायला मिळालं ते मी सगळं वाचलं. 1989 साली मायामीत पहिलं असं कोर्ट निघालं, आता अमेरिकेत या धर्तीची सगळी मिळून चार हजारांच्या वर आहेत, न्यू जर्सीत कॅम्डेन आणि एसेक्सपासून सुरुवात झाली. न्यायाधीशांबद्दल पानंच्या पानं, समुपदेशकांबद्दल पानंच्या पानं. पण सुनावणीआधी न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील, प्रोबेशनवाले आणि उपचारवाले एकत्र बसतात, तेव्हा प्रत्येक पोराचा तपासणीचा निकाल, हजेरी आणि नोकरीचा कागद त्यांच्या पुढ्यात येतो कुठून, हे कुणी लिहीत नाही. आभाळातून पडतो जसा. एका केंद्रानं हजेरीचं पत्र पाठवलं नाही, तर पोरगा गैरहजर दिसतो, आणि गैरहजेरीला तिथे शिक्षा आहे. मी रांगेतून बघायचे, तुम्ही मानेत फोन धरून त्या केंद्रांच्या मागे लागलेल्या असायचात. आवाज कधी चढला नाही, पण फोनही कधी आधी ठेवला नाहीत.

आणि तुम्ही मऊ होतात असं कुणी समजू नये. एकदा तो उशिरा आला. बसचं कारण खरं होतं. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही घड्याळाकडे, आणि लिहिलंत 9:12. नऊ नाही, 'नऊच्या सुमारास' नाही. त्याला त्यापायी रविवारभर रस्त्याकडेचा कचरा उचलावा लागला. मला त्या रात्री तुमचा राग आला होता, आता कबूल करते. आमच्याकडे भल्या माणसाची व्याख्या 'आपलं काम करून देणारा' अशी आहे, म्हणजे रांग मोडून, तारीख मागे घालून. माझे साठ माणसांचे गणपतीवाले तसे भलेच. विमानतळावर न्यायला येतील, मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहतील. पण बारा मिनिटं जशीच्या तशी लिहून, त्याच हातानं त्याच पोराचं नाव नीट लिहिणं, हे मी आजवर फार थोड्या ठिकाणी बघितलं. साताऱ्याच्या कचेरीतही नाही, आणि तिथे मीही होते.

शेवटच्या तारखेला मी बेसनाच्या लाडवांचा डबा आणला. तुम्ही दोन्ही हात काउंटरखाली नेलेत. "मला घेता येत नाही मॅडम. एकही नाही." मी पडलेल्या तोंडानं उभी. मग तुम्ही हनुवटीनं मागचा बाक दाखवलात, पहिल्या टप्प्यातली पोरं बसतात तो. डबा तिकडे फिरला. गळ्यावर गोंदलेल्या एका पोरीनं दोन घेतले आणि विचारलं, हे पीनट बटर आहे का? मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार.

त्या दिवशी न्यायाधीश बाई खाली उतरून आल्या, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र दिलं. तुम्ही त्या वेळी खिडकीवरच होतात, आत आला नाहीत. रांग होती.

परवा वकिलांचा फोन आला. हा कार्यक्रम नीट पुरा करणाऱ्यांची जुनी नोंद पुसायची सोय न्यू जर्सीत 2016 पासून आहे, आणि ज्ञानेशचा आदेश निघाला. आता त्याचे कागद कुलपात गेले, कुणी मागितले तरी दाखवायचे नाहीत. ऐकून मी देवापुढे दिवा लावला. मग स्वयंपाक करता करता मनात आलं, मार्चमधली ती यादीही त्यांच्यात असेल का? असेल, तर पेन्सिलीच्या त्या अक्षरांनाही कुलूप लागलं. नसेल, तर तुम्ही ती संध्याकाळी फाडून टोपलीत टाकली असणार, आम्हीही टाकायचो. तेवढा एक कागद मला हवा होता. कचेरीतली बाई असून मागायचं सुचलं नाही.

आपली,
ज्ञानेशची आई