अण्णा, तुम्ही खोडून टाकलेल्या पेन्सिलीबद्दल

अण्णा,

हे समोर बसून बोलायचा प्रयत्न दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, "कागद लीगल की ए-फोर?" दुसऱ्यांदा चहा मागवलात आणि टोनरचे भाव कुठं गेलेत ते सांगत बसलात. आभार मानून घ्यायची तुम्हाला सवयच नाही. म्हणून इथं लिहिते, चार लोकांदेखत. तुमचा नातू दाखवेलच तुम्हाला.

लिहायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. त्या दिवशी ऑफिसात माझं कौतुक झालं आणि मी तुमचं नाव घेतलं नाही. ते आधी फेडायचंय.

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, सुरू झालं, तेव्हा मीही सगळ्यांबरोबर पेढे वाटत होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सहा जिल्ह्यांनी चाळीसहून जास्त वर्षं मागितलेली गोष्ट. आनंद खरा होता. पण पोटात गोळाही खराच होता आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. इथल्या कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात मराठीत चालून जातं. दावा मराठीत, कैफियत मराठीत, उलटतपास तर मराठीतच रंगतो. उच्च न्यायालयाची भाषा मात्र इंग्रजी, संविधानाच्या कलम ३४८ नं ठरवून दिलेली. आजवर फाईल महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायची आणि तिथले वकील तिचं इंग्रजी काय ते बघून घ्यायचे. आता ते इंग्रजी माझ्यासारख्या इथल्या वकिलाच्या टेबलावर आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. पाचवीपासून वाचलेलं इंग्रजी आणि त्यावर दोन क्लासची फी.

त्या क्लासबद्दल एवढंच सांगते. राजारामपुरीत तीन महिने गेले. "कॉन्फिडन्सनं बोला, ग्रामर आपोआप येतं" असं तिथले सर रोज सांगायचे. कॉन्फिडन्स आला, ग्रामर काही आलं नाही. त्यामुळं चुकीची वाक्यं मी मोठ्यांदा बोलायला लागले. दुसऱ्या क्लासात माझ्या वाक्याखाली लाल रेघ ओढून शेजारी "ऑकवर्ड" असं लिहून वही परत यायची. ऑकवर्ड म्हणजे काय, कुठं, कशामुळं? विचारलं तर "वाचन वाढवा." फोनमधलं ॲप त्यापेक्षा सज्जन. ते वाक्य मुकाट बदलून द्यायचं. पण का बदललं ते सांगायचं नाही, मग पुढच्या पानावर मी तीच चूक नव्यानं करायची.

आणि ऑफिसातली ती दुपार. गाळ्याच्या भाड्याचं प्रकरण, रिट पिटिशनचा, म्हणजे उच्च न्यायालयातल्या अर्जाचा, सिनॉप्सिस (गोषवारा) मी लिहिला होता. थोरल्या साहेबांनी चार ज्युनिअरांसमोर माझं वाक्य मोठ्यानं वाचलं, 'अँड दॅट'वर थांबले, चष्म्यावरून बघितलं, आणि सगळे हसले. काय चुकलंय ते त्यांनीही सांगितलं नाही. "नीट करून आणा," एवढंच.

ते वाक्य घेऊन मी तुमच्या दुकानाची पायरी चढले. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. कोर्टात तुम्ही स्टेनो होता हे मला ऐकून माहीत होतं, पण मी आले ते पानं परत टाईप करून घ्यायला. तुम्ही वाचता वाचता थांबलात तेव्हा मला वाटलं, झालं, हेही हसणार.

वाक्य असं होतं: 'द रिस्पॉन्डंट रिफ्यूज्ड टू पे द रेंट, व्हेकेटिंग द शॉप अँड दॅट ही विल नॉट मीट द ओनर.'

तुम्ही म्हणालात, "वकीलसाहेब, हे जरा मराठीत सांगा की."

"त्यानं भाडं द्यायला, गाळा सोडायला आणि मालकाला भेटायला नकार दिला."

"शेवटचे शब्द तेवढे परत म्हणा."

"द्यायला, सोडायला, भेटायला."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"मग इंग्रजीत त्या तिघांना तीन गावची कापडं का घातलीसा?"

मी बघतच राहिले. तुम्ही एका जुन्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर 'रिफ्यूज्ड' लिहिलंत आणि त्याच्या उजवीकडे तिन्ही गोष्टी एकाखाली एक. मग लाकडी फुटपट्टी उभी धरलीत त्यांच्या डाव्या कडेला. "आता एकेकाला एकटं सोडा 'रिफ्यूज्ड'च्या दारात. 'रिफ्यूज्ड टू पे', गेला आत. 'रिफ्यूज्ड व्हेकेटिंग', उंबऱ्यात अडकला. 'रिफ्यूज्ड दॅट ही विल नॉट मीट', ह्यो तर दाराबाहेरच पडला." त्याच कागदावर तुम्ही दोघांची कापडं बदललीत: 'टू पे द रेंट, टू व्हेकेट द शॉप अँड टू मीट द ओनर.' फुटपट्टीच्या कडेला तीन 'टू' ओळीनं उभे राहिले, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे. याला पॅरलल स्ट्रक्चर म्हणतात हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलंत, जाता जाता. क्लासात ते नाव पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. पुढं काही नव्हतं.

त्यानंतर मी महिनाभर तुमच्याकडं येत राहिले. निमित्त झेरॉक्सचं. त्यातलं सगळं सांगत बसत नाही, पण एकदोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील.

'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो'ची जोडी. मी लिहिलं होतं, 'ही नॉट ओन्ली विथहेल्ड द रेंट बट ऑल्सो द कीज.' मला ते बरोबरच वाटत होतं. तुम्ही म्हणालात, मराठीत 'च' आणि 'ही' ज्या शब्दाचे त्याच शब्दाला चिकटून बसतात. 'भाडंच नव्हे तर किल्ल्याही अडवल्या.' सोडायचे म्हटले तरी सुटत नाहीत. इंग्रजीत तो जोड सुटा असतो, त्यामुळं कुठंही जाऊन बसतो. माझा 'नॉट ओन्ली' क्रियापदापुढं बसला होता आणि 'बट ऑल्सो' नामापुढं. एक जण जोत्यावर, दुसरा अंगणात. 'ही विथहेल्ड नॉट ओन्ली द रेंट बट ऑल्सो द कीज', आता दोघं एका पायरीवर आले. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड', सगळ्यांना हाच कायदा. पहिल्याच्या मागं जे येतं, त्याच जातीचं दुसऱ्याच्या मागं आलं पाहिजे. वीस वर्षं जे कळलं नव्हतं ते 'च' आणि 'ही'मुळं कळलं.

पण मराठी दर वेळी वाचवत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. 'लक्ष्मीपुरीतल्या गाळ्याचं भाडं शाहूपुरीपेक्षा जास्त आहे', हे आपण रोज बोलतो, कुणाचं काही अडत नाही. तेच मी इंग्रजीत उतरवलं आणि तुम्ही विचारलंत, "भाडं शाहूपुरीपेक्षा जास्त? सगळी पेठ विकत घेणार काय?" तुलना भाड्याची भाड्याशी हवी: 'दॅन दॅट ऑफ अ शॉप इन शाहूपुरी.' या खेपेला हसले मीच. आणि हसू आलं ते स्वतःच्या वाक्याला, याचं केवढं बरं वाटलं.

मग तो उद्देशिकेचा दिवस. तुमच्याकडून शिकले म्हणून मी जिथं तिथं चुका शोधायला लागले होते. लेकीच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात पहिल्याच पानांत संविधानाची उद्देशिका आहे, ती घेऊन आले आणि फुशारकीनं म्हणाले, "अण्णा, इथंच चुकलंय बघा. जस्टिस, लिबर्टी, इक्वॅलिटी, तिन्ही नामं ओळीत. चौथ्याला एकदम 'अँड टू प्रमोट अमंग देम ऑल फ्रॅटर्निटी'. बंधुता लाईन सोडून गेली."

तुम्ही पुस्तक जवळ ओढलंत. फुटपट्टी काढलीत. वरून वाचायला लावलंत: 'टू कॉन्स्टिट्यूट इंडिया', खाली 'टू सिक्युअर टू ऑल इट्स सिटिझन्स', आणि मग 'टू प्रमोट'. "बंधुता त्या तिघींची धाकटी भन नव्हं. ती वरच्या दोन 'टू'ची भन हाय. लाईन तुम्ही चुकीची धरलीसा." न्याय, स्वातंत्र्य आणि समता नागरिकांना मिळवून द्यायच्या, म्हणून त्या 'सिक्युअर'च्या पोटात. बंधुता मिळवून देता येत नाही, ती वाढवायची. म्हणून तिला स्वतःचं क्रियापद. पुस्तकाच्या त्या पानावर माझी नजर शंभरदा गेली असेल, हे आज दिसलं. आणि 'लिबर्टी'मागं 'ऑफ' एकदाच, पाचही स्वातंत्र्यांना मिळून. 'इक्वॅलिटी'त मात्र 'ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी', दोघांना दोन. एकदा सगळ्यांना मिळून द्या, नाहीतर प्रत्येकाला द्या. एकाला दिला आणि दुसऱ्याला विसरलात असं नको. हे वाक्य तुम्ही कुठल्या अर्थानं बोललात कोण जाणे, मी घरी जाईपर्यंत तेच घोळवत होते.

आता ते फेडायचं राहिलेलं.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या प्रतीवर, समासात, पेन्सिलीनं खुणा केल्या होत्यात. सात पानांवर वीसेक तरी असतील. बाण, कंस, 'हा कुणाचा?' असे प्रश्न. नवी प्रत मीच तुमच्या कॉम्प्युटरवर बसून दुरुस्त केली. तुम्ही मला करू दिलीत, मागं गिऱ्हाईकांची रांग लागली तरी. मी घाईत होते, साहेबांना जुनी प्रत नव्या प्रतीला जोडून हवी होती. प्रिंटर घरघरत होता. तुम्ही जुनी प्रत परत दिलीत, मी पिशवीत टाकली आणि पळाले.

ऑफिसात साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. माझ्या हातापायाला घाम. आत्ता विचारतील, ह्या खुणा कुणाच्या, टायपिंगवाल्याकडून इंग्रजी शिकून आलीस काय. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "सुधारलंय की. स्वतः बसलात वाटतं यावर." मी वाकून बघितलं. जुन्या प्रतीवर एकही खूण नव्हती. टाचणीच्या कोपऱ्यात, पानांच्या घडीत, रबराचे काळपट कण तेवढे अडकले होते.

प्रिंटर चालू असताना तुम्ही सातही पानं खोडत बसला होतात. मला दिसलं नाही, तुम्ही दाखवलं नाहीत.

मी तेव्हा "हो सर" म्हणाले. बस्स, एवढंच. ते "हो सर" तेव्हापासून घशात अडकलंय. आज सांगते, साहेबांनीही वाचावं: ती सात पानं अण्णांनी सुधारून घेतली होती, माझ्या हातानं.

अण्णा, मला हुशार माणसं खूप भेटली. वकिलीत तर हुशारीचा बाजारच भरलेला असतो. दुसऱ्याची चूक सापडली की आपली उंची दोन बोटं वाढते अशीच बहुतेकांची समजूत, आणि मीही त्यातून सुटलेली नाही, उद्देशिकेच्या दिवशी दिसलंच. तुमच्यासारखं कुणी, ज्याला चूक अचूक दिसते पण चुकणाऱ्याकडं चारचौघांत बोट करायचं सुचतच नाही, असं मला तरी क्वचितच भेटलं. गिऱ्हाईक असलं की तुम्ही मला "वकीलसाहेब" म्हणायचा. दुकान रिकामं झालं की "पोरी, हे बघ हिकडं." हा फरकही मला फार उशिरा कळला. लोकांसमोर माझा मान, एकांतात माझी शिकवणी. घरात थोरली माणसं पूर्वी अशी वागायची म्हणतात. आमच्या घरात तरी नव्हती.

आणि बिल? सात पानांच्या प्रिंटचं. शिकवलेल्याचे पैसे विचारले तर तुम्ही म्हणालात, "लॅमिनेशन करायचंय काय? न्हाई ना. मग झालं की."

तो पाठकोरा कागद माझ्याकडं आहे. तीन 'टू', डाव्या कडेला पेन्सिलीची उभी रेघ, खाली तुमच्या चहाच्या कपाचा अर्धा गोल. टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. परवा एकानं विचारलं, हे काय आहे, तर यावेळी नाव घेऊन सांगितलं.

शनिवारी येतो, अण्णा. बारा पानं आहेत, दोन प्रती. डावीकडं समास जास्त सोडून आणतो. आणि यावेळी खोडू नका.